ऐंशी नंबरची चकती

मी सँडर आहे. लाकूड घासून गुळगुळीत करणारं विजेवरचं यंत्र. उंचीने वीतभर, डोकं गोल, हाताच्या पंज्यात बसेल एवढा. पायाशी रबराची गोल गादी आहे आणि त्या गादीला चिकटते पॉलिश पेपरची चकती. चकती लावली नाही तर मी नुसता गुणगुणणारा ठोकळा. माणसाची अब्रू म्हणे त्याच्या शब्दात असते. माझी चकतीत असते. ती एका दुपारी गेली. कशी गेली ते सांगायला जड जातं, पण आता सांगून टाकतो.

माझा जन्म कारखान्यातला. त्यात मिरवण्यासारखं काही नाही. सरकत्या पट्ट्यावर कुणी मोटार बसवली, कुणी स्क्रू आवळले. शेवटी एका बाईने मला कानाशी धरून मिनिटभर चालवलं, आवाज ऐकून मान डोलावली आणि खोक्यात घातलं. पुढचे पाच महिने हार्डवेअरच्या दुकानात काचेआड गेले. शेजारी ड्रिल मशीन असायचं. ते दर आठवड्याला विकलं जायचं आणि त्याच्या जागी नवं यायचं. मी आपला तिथेच, धूळ झटकण्यापुरता हलायचो.

मला नेलं ते एका सुतारणीने. पस्तिशीची, मनगटं रुंद, केसांत भुसा. दुकानदार म्हणाला, "एकदा मिस्त्रींना दाखवून मग घ्या हवं तर."

ती म्हणाली, "मिस्त्री मीच. दुसरे मिस्त्री घरी खांदा शेकत बसलेत."

ते दुसरे मिस्त्री म्हणजे तिचे वडील. गल्लीत सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो. आणि ती वडिलांना बाबा म्हणते, म्हणून ते माझेही बाबा. पंचेचाळीस वर्षं त्यांनी सुतारकाम केलेलं. खाली लांबट खोलीत कामाची जागा, वर घर. घासकाम बाबा हाताने करायचे. बुचाच्या लाकडाचा एक ठोकळा होता, त्याला पॉलिश पेपर गुंडाळायचा आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेने, लांब, एकसारखा हात मारत राहायचं. त्यात त्यांचा उजवा खांदा धरला. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. पण बोटं शाबूत होती. फळीवरून तळवा फिरवला की कुठे उंचवटा, कुठे खळगा, ते डोळे मिटून सांगायचे. गिऱ्हाइकं मुद्दाम ते बघायला थांबायची.

मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाबा हसले. "हा भुंगा घासणार होय? याच्या आवाजानेच लाकूड पळून जाईल."

तेव्हापासून माझं नाव भुंगा पडलं.

पहिल्या दिवशी मी त्यांना हसायला भरपूर कारण दिलं. ताईने मला हवेतच चालू केलं आणि फिरता फिरता फळीवर टेकवलं, वरून जोरही दिला. डोळ्यांना फळी छान दिसत होती. बाबांनी ओलं फडकं तिच्यावरून फिरवलं आणि लाकडावर शेकडो बारीक गोल ओरखडे उठून आले, डुकराच्या शेपटीसारखे वळलेले.

"घे," बाबा म्हणाले. "भुंग्याने सगळीकडे सह्या ठोकल्यात."

मग दोघं मिळून मला शिकले. आधी लाकडावर सपाट ठेवायचं, मग बटण दाबायचं. जोर द्यायचा नाही. माझं वजन आणि तळव्याचं वजन, बस्स. घाई करायची नाही. सेकंदाला बोटभर सरकावं, इतकं सावकाश. कडेवर कधीही कलता करायचा नाही, कारण मग सगळं घासणं एका ओठावर येतं आणि तो ओठ लाकूड चावतो. फळीवर आधी पेन्सिलीच्या नागमोडी रेघा मारायच्या. त्या पुसल्या गेल्या की सगळीकडे हात फिरला असं समजायचं. चकतीला भोकं असतात, ती गादीच्या भोकांवर नीट बसवायची, नाहीतर धूळ पिशवीत जात नाही आणि स्वतःच्याच भुशात घरंगळत आपण लाकूड ओरबाडतो.

आणि चकत्यांचे नंबर. नवख्याला ते उलटे वाटतात. नंबर जेवढा लहान, तेवढे दात मोठे. ऐंशी म्हणजे खरवडणारी. एकशेवीस तिच्या खुणा पुसते, एकशेऐंशी एकशेवीसच्या, दोनशेवीस एकशेऐंशीच्या. पायऱ्या गाळायच्या नाहीत. ऐंशीवरून एकदम दोनशेवीसवर उडी मारली तर वरचं चकचकतं आणि खालचे ओरखडे तसेच राहतात. पॉलिश चढलं की वर येऊन दात दाखवतात.

ताईने चकत्यांसाठी कप्प्यांची पेटी केली. जेवणाच्या सुट्टीत बापलेकीचा खेळ चालायचा. ती डोळ्यांआड एक चकती पुढे करायची, बाबा अंगठा फिरवायचे.

"एकशेऐंशी."

"बरोबर."

"ही दोनशेवीस. पण वापरलेली."

"तेही कळलं?"

"पंचेचाळीस वर्षं काय मी पाटी पुसत होतो?"

त्या दोन वर्षांत मी सुखी होतो. बाबांचा खांदा सुधारला. मोठं काम मी करायचो आणि शेवटचा हात बाबांचा. काम झालं की ते माझी पाठ थोपटायचे. गरम असायची. ते म्हणायचे, "दमलास रे?"

मग आलं ते टेबल.

गल्लीच्या टोकाला एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणते, कारण अर्ध्या गल्लीने त्यांच्याकडून मार खाल्लेला आहे. बाईंनी आपल्या वडिलांचं लिहायचं टेबल आमच्याकडे आणलं. साध्या फळीवर अक्रोडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा चिकटवलेला होता. व्हिनियर म्हणतात ते. वरचं वॉर्निश काळवंडून चिकट झालेलं. डाव्या हाताला शाईच्या दौतीचा गोल डाग.

बाबांनी टेबलाच्या कडेवरून नख फिरवलं. "हे याआधी दोनदा घासलंय कुणीतरी. वर उरलेला अक्रोड नखाएवढाही जाड नाही. शक्यतो हातानेच करू. मशीन लावायचंच झालं तर पांढरी चकती, दोनशेवीसची. त्याखाली उतरायचं नाही."

पांढरी चकती म्हणजे जिच्यावर साबणासारखा लेप असतो. जुनं वॉर्निश तापून मऊ होतं आणि साध्या चकतीच्या दातांत गच्च बसतं. पांढरीत बसत नाही. आमच्या पांढऱ्या चकत्या संपल्या होत्या. दुकानदार म्हणाला होता, सोमवारी येतील.

बाबांनी दोन सकाळी बसून डावी अर्धी बाजू हाताने केली. अक्रोडाच्या तपकिरी लाटा हळूहळू वर आल्या. दौतीचा डाग मात्र फिका होऊन तिथेच राहिला. बाबांनी त्याच्यावर थोडं घासून पाहिलं आणि सोडून दिलं.

"आत मुरलाय. राहू दे. बाईंच्या वडिलांचाच आहे, परका थोडाच आहे?"

दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी ते ताईच्या आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. ताई एकटी होती. शुक्रवारी टेबल देण्याचा शब्द तिने दिला होता आणि गुरुवारी तिला दुसरीकडे खिडक्या बसवायला जायचं होतं. उजवी बाजू पूर्ण बाकी. बाईंना फोन करून "सोमवारनंतर देते" म्हटलं असतं तर बाईंनी फार तर एक सुस्कारा सोडला असता. तिने फोन केला नाही. तिने मला उचललं.

आधी साधी दोनशेवीस लावली. दोन मिनिटांत चकतीवर वॉर्निशच्या गुठळ्या. दुसरी लावली, तीही भरली. तिसरी. चौथी. ताईने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला आणि पेटी उघडली. तिचं बोट एकशेवीसच्या कप्प्यावर थांबलं. मग पुढे सरकलं.

"नुसतं वरचं वॉर्निश खरवडायचंय," ती म्हणाली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे ती मलाच म्हणाली असणार. "लाकडाला लागू द्यायचं नाही."

तिने ऐंशीची चकती लावली.

इथून पुढचं सांगताना मला माझीच शरम वाटते. चकती बदलली तसा माझा सूर बदलला. इतका वेळ कुंथत होतो, आता वॉर्निश माझ्यापुढे पापड मोडावा तसं मोडायला लागलं. पिशवी फुगली. अर्ध्या तासात उजवी बाजू मोकळी झाली, आणि अक्रोड कसाबसा शाबूत राहिला. आमचं नशीब. तिथे थांबायचं होतं. पण काम फत्ते झालं की हाताला जोर चढतो. ताईची नजर डावीकडच्या त्या डागावर गेली.

तिने मला उचलून डागावर ठेवलं. डाग हलेना. तिने मला कलतं केलं, एका कडेवर, आणि वरून तळव्याने दाबलं.

आधी डाग गेला. मग तपकिरी रंग गेला. मग तळहाताएवढ्या जागेत फिकट, पांढुरकं, बिनरेषेचं लाकूड उघडं पडलं. गुडघा फुटून हाड दिसावं तसं. ताईने बटण बंद केलं. पण बंद केल्यावरही मी तीन-चार सेकंद फिरत राहतो. तेवढ्यात आणखी थोडं गेलं.

ती कितीतरी वेळ तशीच उभी होती. एकदा तिने बोट लावून पाहिलं आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं. मग झपाट्याने कामाला लागली. एकशेवीस, एकशेऐंशी, दोनशेवीस, सगळ्या चकत्या सगळीकडे फिरवल्या. फिकट जागेवर तपकिरी रंग कालवून लावला, वर सगळीकडे पॉलिशचा हात दिला. खोलीतल्या दिव्यात ते बरं दिसत होतं. बघायचंच नसेल त्याला दिसणार नाही, इतकं बरं.

संध्याकाळी बाबा आले. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे त्यांना सगळं धुरकट दिसत होतं. आईच्या खांद्यावर हात ठेवून दारातच उभे राहिले.

"उजवी बाजू झाली?"

"झाली, बाबा. पॉलिशचा पहिला हातही दिला."

"अरे वा! म्हणजे आता हात लावायचा नाही." ओल्या पॉलिशला ते कधी हात लावत नसत. चाचपडत कामाच्या कट्ट्यापाशी आले, मी सापडलो, तेव्हा त्यांनी माझी पाठ थोपटली. "भुंग्याने साथ दिली म्हण की."

ताई काही बोलली नाही. मला तर तोंडच नाही. पण असतं तरी त्या क्षणी मी ते उघडलं असतं की नाही, देव जाणे.

शुक्रवारी बाई आल्या. टेबल उचलून दारात आणलं आणि उन्हात पॉलिशखालचा तो रंगवलेला तुकडा वेगळा उठून दिसला. कपड्याला दुसऱ्याच रंगाचं ठिगळ लावावं तसा.

"मिस्त्री, हे काय झालं इथे?" बाईंनी विचारलं.

बाबा वाकले. चांगला डोळा त्यांनी जवळ नेला. हात पुढे केला, आणि टेबलाला टेकायच्या आधीच मागे घेतला. मी त्यांना लाकडाला हात लावायला भिताना पहिल्यांदाच पाहत होतो.

"दौतीचा डाग होता तिथे," ते हळू म्हणाले. "ही बाजू माझी. हाताने केलेली. डागावर जरा जास्त घासलं गेलं असणार. पापुद्रा संपला आणि माझ्या बोटांना कळलं नाही."

"बाबा..." ताई म्हणाली.

तेवढ्यात बाई बोलल्या, आणि अगदी मायेने बोलल्या. "मनाला लावून घेऊ नका, मिस्त्री. वय झालं की हात सांगेनासा होतो. मलाही आता फळ्यावर सरळ रेघ येत नाही."

रागावल्या असत्या तर ताई बोलली असती असं मला अजून वाटतं. त्या मायेपुढे तिचं उघडलेलं तोंड मिटलं. बाई टेबल तसंच घेऊन गेल्या.

त्या मिनिटाला एक वाक्य पुरलं असतं. तासाभराने त्याच गोष्टीला चार वाक्यं लागली असती. दुसऱ्या दिवशी "काल का बोलली नाहीस?" याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. आठ दिवसांनी ते सगळं एवढं मोठं झालं की ताईला ते उचलवेना. ती मला हातात घ्यायची तेव्हा तिची पकड घट्ट असायची आणि नजर दुसरीकडे.

बाबांनी बुचाचा ठोकळा खणात टाकला. मग त्यांनी झाडू घेतला. दुकान झाडायचे, वाकडे खिळे सरळ करायचे, स्क्रू आकाराप्रमाणे डब्यांत भरायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी आता सुपरवायझर." त्यावर ते स्वतः हसायचे नाहीत.

एका दुपारी त्यांनी चकत्यांची पेटी मांडीवर घेतली. डोळे मिटून एक चकती काढली, अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"एकशेवीस?"

ताईने पाहिलं. "बरोबर, बाबा."

दुसरी काढली. "तीनशेवीस."

"बरोबर."

"खरं सांग."

"अहो, खरंच तीनशेवीस आहे. बघा ना, मागे लिहिलंय."

"मला ते बारीक दिसत नाही, म्हणूनच तू म्हणतेस." त्यांनी चकती कप्प्यात ठेवली. चुकीच्या नाही, बरोबर त्याच कप्प्यात. "म्हाताऱ्याचं मन राखतेस. मीही माझ्या बापाचं असंच राखायचो."

ताई खरं सांगत होती. त्या महिनाभरात बहुधा पहिल्यांदाच. आणि तेच खरं त्यांना खोटं वाटत होतं. ती माझ्याकडे वळली, मला उगाचच उचललं, पिशवी झटकली, खाली ठेवलं. पिशवीच्या शिवणीत अजून अक्रोडाचा तपकिरी भुसा अडकलेला होता.

असा दीड महिना गेला. मग एका सकाळी आई डबा द्यायला खाली आल्या. बाबा वरच होते. आई सहज बोलावं तशा म्हणाल्या, "अगं, तुझे बाबा हल्ली शर्टाची बटणंसुद्धा मला लावायला सांगतात. म्हणतात, बोटांत जीवच राहिला नाही. काल पाहिलं, सुईत दोरा घालून दिला त्यांनी मला. मग बटणाला काय झालं?"

ताई स्टुलावर बसली. डबा तिने उघडलाच नाही. आई गेल्यावरही ती बसून होती, दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवून, जणू त्यावर काही लिहिलेलं आहे.

मग उठली. मला खोक्यात घातलं. जिन्यावरून हाक मारली, "बाबा, चपला घाला. बाईंकडे जायचंय."

बाईंच्या पुढच्या खोलीत ते टेबल खिडकीशी होतं. त्या जागेवर त्यांनी विणलेला रुमाल टाकलेला होता आणि रुमालावर चष्म्याचं घर. बाबांना बघून बाई उठल्या. ताईने कुणाला बसूही दिलं नाही.

"बाई, बाबा, ते मी केलं," ती म्हणाली. "बुधवारी दुपारी. मशीनने. ऐंशीची चकती लावून. डागावर मशीन कलतं करून दाबलं. वरून रंग लावून झाकलं. बाबांची बाजू चांगली झाली होती."

बाबांनी मान हलवली. "नको गं. माझ्यासाठी उगाच अंगावर घेऊ नकोस. बाईंपुढे तर नकोच."

ताईने टेबलाकडे बोट केलं. "बाबा, हात लावून बघा."

"काय बघायचंय?"

"एकदा बघा. पाया पडते."

बाईंनी चष्म्याचं घर उचललं, रुमाल काढला. बाबा टेबलापाशी गेले. त्यांचा हात त्या शुक्रवारसारखाच अधांतरी थांबला. मग टेकला. तीन बोटं त्या जागेवरून सावकाश गेली, परत आली, एका कडेशी थांबली. तिथेच पुन्हा पुन्हा फिरली.

"हाताने घासलं की खळगा पसरतो," ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. "कडेला येईपर्यंत मरत जातो. हा एका बाजूने एकदम तुटलाय. चंद्राच्या कोरीसारखा." त्यांनी मान वर केली. "भुंगा आणलास?"

ताईने मला खोक्यातून काढून त्यांच्या हातात दिलं. बाबांनी मला कलतं केलं आणि माझ्या गादीची कड त्या खळग्यात ठेवली. मी त्यात चपखल बसलो. जुनी चप्पल पायात बसावी तसा. त्या वेळी जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं.

बाबांनी मला बाजूला ठेवलं.

"म्हणजे त्या दिवशी मी डॉक्टरकडून आलो," बाबा म्हणाले, "याची पाठ थोपटली, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"बाई आल्या तेव्हाही."

"हो, बाबा."

"दीड महिना मी तुझ्या आईकडून बटणं लावून घेतली." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "लाकडाचं काय, लाकूड पुन्हा आणता येतं. मी माझी बोटं रोज सकाळी गरम पाण्यात बुडवून बसायचो, पोरी."

ताई भिंतीला टेकून रडली. बाई तिच्याकडे गेल्या नाहीत, बाबांकडेही नाही. खुर्चीत बसून त्या म्हणाल्या, "आणि मी चार घरी सांगितलं की मिस्त्रींचा हात गेला. काळजीने सांगितलं असं मला वाटत होतं." मग त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. "मला आत्ताच त्या चारही घरी जायला हवं."

आणि त्या गेल्या खरोखर. आम्हाला त्यांच्याच घरात बसवून.

परत येताना बाबा दहा पावलं पुढे चालले. अकरा दिवस ते ताईशी कामापुरतंच बोलले. "फळी धर." "दिवा लाव." टेबल आमच्याकडे परत आलं होतं. एका मोडक्या कपाटाच्या दारातून बाबांनी अक्रोडाचा पापुद्रा सोडवला, रेषा जुळतील असा तुकडा शोधायला दोन दिवस घेतले, आणि तो त्या जागी बसवला. सांधा बोटाला लागत नव्हता. माहीत असणाऱ्यालाच दिसेल एवढी एक बारीक रेघ मात्र राहिली.

शेवटचं घासणं आलं तेव्हा त्यांनी खणातून बुचाचा ठोकळा काढला आणि ताईपुढे धरला. मी कट्ट्याच्या कोपऱ्यात पडून बघत होतो. मला कुणी हात लावला नाही आणि लावू नये असंच मला वाटत होतं. ती दोन तास घासत होती. बाबा शेजारी उभे. पूर्ण वेळात फक्त एकदा म्हणाले, "रेषेच्या दिशेने."

बाराव्या दिवशी जेवणानंतर त्यांनी आपण होऊन चकत्यांची पेटी ओढली. डोळे मिटून एक चकती काढली. "दोनशेवीस."

ताईने पाहिलं. "चुकलं, बाबा. एकशेऐंशी आहे."

बाबांनी भिंग काढलं, चकतीची पाठ उजेडात धरली. एकशेऐंशीच होती. आणि ते हसले, चांगले खळखळून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"चुकलं म्हणालीस," ते म्हणाले. "म्हणजे आता तुझं 'बरोबर'ही धरायला हरकत नाही."

त्यांनी सगळं माफ केलं असं मी म्हणणार नाही. अजूनही ताईने "झालं" म्हटलं की ते स्वतः उठून हात फिरवून बघतात. पूर्वी बघत नव्हते. ती बाजूला सरते आणि त्यांना बघू देते.

आता माझं वय झालं. गादी दोनदा बदलली, पिशवीला ठिगळ आहे, मोटारीतून कधी कधी ठिणगी उडते. नाजूक कामाला नवं मशीन आलंय. मी आहे शिकाऊ लोकांसाठी. दर शनिवारी ताई दुकानात बायकांना सुतारकाम शिकवते. कुणी बँकेतली, कुणी परिचारिका, एक तर सत्तरीच्या आजी. पहिल्या दिवशी माझा नंबर लागतो. ताई मला कट्ट्यावर ठेवते आणि बटणाबद्दल बोलायच्या आधी त्या टेबलाची गोष्ट सांगते. पूर्ण सांगते. रंग लावून झाकलं ते सांगते, बटणांचं सांगते. सांगताना तिचे कान लाल होतात. बाबा मागे स्क्रू निवडत बसलेले असतात.

परवा त्या सत्तरीच्या आजींनी विचारलं, "पण मशीनची काही चूक नव्हती ना? मला आपली भीती वाटते याची."

"नाही हो, आजी," ताई म्हणाली. "मशीनची काय चूक? चकती मी निवडली. कलतं मी केलं."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी गप्प. दर वेळी ती सगळा दोष आपल्यावर घेते आणि दर वेळी मी तो घेऊ देतो. तीही एकदा अशीच गप्प राहिली होती, तेव्हा मीच तिच्यावर मनातल्या मनात चिडलो होतो. म्हणून आज बोलून टाकतो. त्या दुपारी ऐंशीची चकती लागल्यावर मला मजा आली होती. खाली अक्रोड पातळ होत चालला होता, ते माझ्या गादीला ताईच्या हाताच्या आधी कळलं होतं. मी धक्का देऊ शकलो असतो, सूर मोडू शकलो असतो. भरलेल्या चकतीवर मी तो मोडतोच. त्या दिवशी मी तो मोडला नाही. मी गात राहिलो.

आजी, पुढच्या शनिवारी मला हातात घ्याल तेव्हा मला सपाट धरा. मी फार गोड आवाजात चालायला लागलो, तर बटण बंद करा, मला उचला आणि खाली काय उरलंय ते आधी बोटांनी बघा.